पैसे भरून कोरल लावायला जायचंय, पण त्याने रीफ वाचतं का?

तुमचा प्रश्न असा की सुट्टीत पैसे भरून कोरल (प्रवाळ) लावण्याच्या उपक्रमात स्वयंसेवक म्हणून जायचंय, तर कुठला निवडावा आणि त्याने समुद्राला खरंच फायदा होतो का. नावं मी सुचवणार नाही. फायद्याबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण अशाच एका ठिकाणी मी डायव्हर म्हणून नोकरी केली आणि तिथून भांडून बाहेर पडले.

काम साधं असतं. रीफवरचे, म्हणजे प्रवाळांनी बनलेल्या खडकावरचे, तुटलेले तुकडे गोळा करायचे, पाण्यात ताणलेल्या दोऱ्यांना अडकवायचे, त्यांच्यावरचं शेवाळ ब्रशने घासत राहायचं आणि वाढले की खडकावर पक्के बसवायचे. तंत्र चालतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फांद्यांचं कोरल लवकर वाढतं आणि ते वाढताना बघणं हा मोठा आनंद आहे. तेवढ्यासाठीच मी तिथे गेले होते.

मग एका वर्षी पाणी तापलं आणि खाली यायचं नावच घेईना. नर्सरीच्या दोरीला आम्ही तापमान नोंदवणारं यंत्र बांधलं होतं, त्याचे आकडे उतरवून घेणं माझ्याकडे होतं. नेहमीच्या सर्वांत गरम महिन्यापेक्षा पाणी साधारण एक अंशाने वर होतं. प्रकल्पप्रमुखांना दाखवलं तर म्हणाले, "एका अंशाने काय होतंय? कोरल कोट्यवधी वर्षं जगलंय."

एका अंशाने काय होतं ते सांगते, कारण हे वाक्य मी त्यानंतरही अनेकांच्या तोंडून ऐकलंय. कोरलच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याच्या अन्नाचा फार मोठा भाग, अनेक जातींत 90 टक्क्यांपर्यंत, तेच पुरवतं. पाणी नेहमीच्या कमाल पातळीच्या वर गेलं की शैवालाचं प्रकाशसंश्लेषण बिघडतं, पेशींना घातक अशी रसायनं तयार होतात आणि कोरल त्याला बाहेर टाकतं. मागे पांढरा सांगाडा दिसतो, यालाच ब्लीचिंग म्हणतात. कोरल त्या क्षणी मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी लवकर निवलं तर शैवाल परत येतं. म्हणजे किती तापलं याइतकंच किती दिवस तापलं हेही महत्त्वाचं. अमेरिकेची नोआ ही संस्था उपग्रहांवरून हाच हिशोब ठेवते: कमाल पातळीच्या एक अंश वर एक आठवडा, की एक डिग्री हीटिंग वीक. चारला ब्लीचिंग दिसू लागतं, आठला मोठ्या प्रमाणावर मरण. या हिशोबाचे नकाशे रोज नवे होतात आणि कुणालाही फुकट बघता येतात. आम्ही ते बघत होतो, आठवड्यागणिक आकडा चढत होता.

पांढरं पडण्याआधी आमचे काही तुकडे निळे-जांभळे चमकायला लागले. प्रकाश आणि उष्णता सोसेनाशी झाली की काही कोरल स्वतःच्या बचावासाठी असे रंग तयार करतात. पाहुणे हरखून गेले. त्या रंगांचे फोटो प्रकल्पाच्या जाहिरातीत गेले, "बहरलेली नर्सरी" म्हणून! मी सांगत राहिले की हे आजारपण आहे. दोऱ्या खोल पाण्यात उतरवू या, वर सावली धरू या, नवे तुकडे लावणं थांबवू या, असंही सांगितलं. खोलवर नवशिक्या स्वयंसेवकांना नेता येत नाही आणि ते पैसे भरून आलेत, असं उत्तर मिळालं. लागवड चालूच राहिली. पुढे बहुतेक तुकड्यांवर शेवाळ चढलं. वार्षिक अहवालात "किती लावले" हा आकडा ठळक छापला होता. किती जगले हेही लिहा, असं मी म्हणाले, ते त्यांनी लिहिलं नाही. मी नोकरी सोडली.

त्याच रीफवर पोपटमासे सर्रास पकडले जायचे, त्याबद्दल प्रकल्पाने कधी तोंड उघडलं नाही. पोपटमासा आपल्या चोचीसारख्या दातांनी खडकावरचं शेवाळ खरवडून खातो, तेव्हा कोरलच्या पिल्लांना बसायला जागा मिळते. तो गेला की स्वयंसेवकांना ब्रश घेऊन बसावं लागतं. बेलीझने 2009 मध्ये पोपटमासे पकडायला बंदीच घातली. मेक्सिकोत काबो पुल्मोला 1995 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, स्थानिकांनी मासेमारी थांबवली आणि 1999 ते 2009 या काळात तिथलं माशांचं एकूण वजन साडेचार पटींहून जास्त वाढलं. पैसे द्यायचे असतील तर अशा कामाला द्या. त्यात फोटो काढण्यासारखं फारसं नसतं आणि राखण वर्षानुवर्षं करावी लागते, म्हणून त्याला माणसं मिळत नाहीत.

फ्लोरिडात 2023 च्या उन्हाळ्यात जे झालं ते प्रत्येक लागवडवाल्याने समोर ठेवावं. तिथे जगातले अनुभवी लोक आहेत. पाणी इतकं तापलं की नर्सरीतलं कोरल बाहेर काढून जमिनीवरच्या टाक्यांत हलवावं लागलं. रीफवरच्या एल्कहॉर्न आणि स्टॅगहॉर्न या दोन मुख्य जाती जवळपास संपल्या, आणि त्यांत लावलेलं कोरलही होतं. हरितगृह वायूंमुळे अडकलेल्या जास्तीच्या उष्णतेपैकी 90 टक्क्यांहून अधिक समुद्र पोटात घेतोय. ती येणं थांबत नाही तोवर लागवड तिच्यापुढे टिकणार नाही. दीड अंश जागतिक तापमानवाढीला 70 ते 90 टक्के रीफ जातील आणि दोन अंशांना 99 टक्क्यांहून जास्त, असं आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीने 2018 मध्येच लिहून ठेवलंय. कोरल कोट्यवधी वर्षं जगलंय हे खरं, पण इतक्या घाईने तापणाऱ्या पाण्यात वाढलेलं नाही. त्या प्रकल्पप्रमुखांना मी तेव्हा हेच म्हणाले होते आणि आजही माझं म्हणणं तेच आहे.

सगळी लागवड फुकट, असं मात्र समजू नका. इंडोनेशियात सुलावेसीजवळ सुरुंग लावून केलेल्या मासेमारीने रीफचा चुरा झाला होता. तिथे लोखंडी सांगाडे बसवून कोरल लावलं, आणि चार वर्षांत त्या रीफची वाढ शेजारच्या निरोगी रीफइतकी झाली. सुरुंग थांबले होते, म्हणून ते जमलं. फ्लोरिडातल्या टाक्यांत वाचवलेलं कोरल हा त्या जातींचा उरलेला वंश आहे, तेही काम मोलाचं. उष्णता सोसणारे वाण शोधणाऱ्या प्रयोगशाळांनाही माझा पाठिंबा आहे.

तेव्हा जायचंच असेल तर पैसे भरण्याआधी त्यांना ईमेल करा. मागच्या ब्लीचिंगनंतर किती टक्के तुकडे जिवंत राहिले, रीफ मुळात कशाने मेलं आणि ते कारण आता थांबलंय का, पाणी तापलं की तुम्ही काय करता, एवढं विचारा. उत्तर आकड्यांत आलं तर खुशाल जा. नुसते फोटो आले तर जाऊ नका.