भांडवलशाहीत बँक बुडाली तर सरकारने मध्ये का पडावं?

कारण अफवा पसरली की धडधाकट बँकेसमोरही रांग लागते. ठेवी कर्जात गुंतलेल्या असतात, एका दिवसात सगळ्यांना पैसे कुठलीच बँक देऊ शकत नाही. हे बाजार स्वतःहून सावरत नाही. म्हणून १९६१च्या कायद्याने ठेवविमा आला, म्हणजे बँक बुडाली तरी ठराविक मर्यादेपर्यंतची ठेव परत मिळण्याची हमी. हप्ता बँक भरते, ठेवीदार नाही.

ही मर्यादा एका ठेवीदाराला एका बँकेत ४ फेब्रुवारी २०२०पासून ५ लाख, आधी १ लाख होती. यात मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं. त्यामुळे बरोब्बर ५ लाखांची एफडी केली तर व्याज उघड्यावर पडतं. लोक इथेच चुकतात. एकाच बँकेच्या चार शाखांत पैसे वाटूनही उपयोग नाही, बेरीज एकत्रच होते. बँकच वेगळी हवी. संयुक्त खातं मात्र वेगळं मोजतात.

सप्टेंबर २०१९मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा पैसे काढायची मर्यादा सुरुवातीला १,००० रुपये होती, आणि विम्याचे पैसे बँक अवसायनात निघाल्याशिवाय, म्हणजे ती बंद करून हिशेब मिटवायला घेतल्याशिवाय, मिळत नसत. २०२१च्या कायदादुरुस्तीने हे पैसे द्यायला निर्बंध लागल्यापासून साधारण ९० दिवसांची मुदत घातली. उशिरा सुचलेलं शहाणपण, पण कामाचं.

पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा नाही. पाटीवर ‘सहकारी’ आहे म्हणून गाफील राहू नका.