मर्केटस सेंटर नेमकं काय करतं आणि आपल्या खान्देशातल्या पोरांना त्याचा काही उपयोग आहे का?

हे अमेरिकेत व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीतलं रिसर्च सेंटर, टायलर कोवेन तिथले मोठे अर्थतज्ज्ञ, आणि सरकारी नियम, लायसन्स, बंदी यांनी बाजाराचं नि साध्या माणसाचं काय होतं ते हे लोक अभ्यासतात. लांबचं वाटेल पण नाही भाऊ, डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा साक्रीकडच्या शेतकऱ्याचा भाव कोणी ठरवला, हाच तो प्रश्न. पैसा कोक (Koch) या सरकारी नियम कमी हवेत म्हणणाऱ्या अमेरिकी उद्योगपती घराण्याकडूनही येतो, म्हणून दुसरी बाजूही वाचाच. पण त्यांची इमर्जंट व्हेंचर्स ग्रँट, म्हणजे नव्या आयडियांसाठी दिली जाणारी आर्थिक मदत, भारतातल्या पोरांनाही मिळते, डिग्रीची अट नाही, आयडिया दमदार पाहिजे, तर जळगाव-धुळे-नंदुरबारवाल्यांनो, बिनधास्त अर्ज करा.