पहिल्या तासाला प्रश्न कोणी विचारायचे?

प्रश्न : मी सहावीला इंग्रजी शिकवते. दरवर्षी पहिल्या दिवशी एकेका मुलाला उभे करून स्वतःची ओळख इंग्रजीत सांगायला लावते. काही मुले घोकलेली वाक्ये म्हणतात, बाकीची मान खाली घालून उभी राहतात आणि तास रटाळ होतो. सुरुवात वेगळ्या रीतीने कशी करावी? त्या दिवशी मातृभाषेत बोलले तर चालेल का?

उत्तर : तुमच्या वर्णनातच अडचण कुठे आहे ते दिसते. अनोळखी वर्गात, सगळ्यांच्या नजरा आपल्यावर असताना, न सरावलेल्या भाषेत बोलणे मोठ्या माणसांनाही जड जाते. शिवाय एक जण बोलत असताना उरलेल्यांना काहीच काम नसते. म्हणून पहिल्या दिवशी ही उलटतपासणी मुलांची न होता तुमची व्हावी, असे मी सुचवेन.

फळ्यावर स्वतःविषयीची तीन-चार उत्तरे लिहा : ‘इलेव्हन’, ‘ब्लू’, ‘टू ब्रदर्स’, ‘नेव्हर’. या उत्तरांमागचे प्रश्न मुलांनी शोधायचे, तेही जोडीने कुजबुजून ठरवून. ‘टू ब्रदर्स’चा प्रश्न लगेच येईल, पण ‘इलेव्हन’ म्हणजे घराचा क्रमांक, वाढदिवसाची तारीख की घरातल्या मांजरांची संख्या, यावर वर्गात खरी चर्चा सुरू होते. एखादा मुलगा ‘यू हॅव इलेव्हन कॅट्स?’ असे विचारील. तेथे व्याकरण काढून बसू नका. ‘डू आय हॅव इलेव्हन कॅट्स? नो, आय डोन्ट!’ असे हसत उत्तर दिलेत की योग्य रचना त्याच्या कानावर पडते आणि त्याचा पाणउताराही होत नाही. नंतर प्रत्येकाने स्वतःची तीन उत्तरे कागदावर लिहून शेजाऱ्याला द्यावीत. ओळख तीच होते, पण आता माहिती काढून घेण्याचे कारण मुलांकडे असते.

या खेळात एक पथ्य आहे. प्रश्न विचारल्यावर थांबायला हवे, आणि नेमके तेच आपल्याला जमत नाही. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास करून दाखवले की शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात. ही उसंत ३ सेकंदांपर्यंत वाढवली, की मुलांची उत्तरे लांबतात आणि गप्प राहणाऱ्यांचे प्रमाण घटते. परक्या भाषेत वाक्य जुळवणाऱ्या मुलाला तर याहूनही अधिक अवधी लागणार. मनातल्या मनात पाच अंक मोजा, मगच तोंड उघडा.

काही मुले तरीही बोलणार नाहीत. त्यांना बोलते करण्याचा हट्ट धरू नये. जेम्स अॅशर या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात मांडलेली, सूचना ऐकून कृती करण्याची पद्धत त्यांच्यासाठी सोयीची आहे. ‘स्टँड अप’, ‘टच द डोअर’ यांपासून सुरुवात करून ‘टच समथिंग ग्रीन, बट नॉट अ बुक’ येथपर्यंत दहा मिनिटांत जाता येते. मुलाला सूचना समजली की नाही हे त्याच्या कृतीतून कळते, त्यासाठी त्याने बोलण्याची गरज नसते. शेवटी एखाद्या मुलाला सूचना देऊ द्या आणि तुम्ही त्या पाळा. यासाठी आधी गप्प बसलेलाही हात वर करण्याचा संभव असतो.

वर्गभर हिंडून प्रश्न विचारत, ‘हो’ म्हणणाऱ्यांच्या सह्या गोळा करण्याचा खेळ मात्र मी पहिल्या दिवशी टाळेन. मुले मोठ्या हौसेने खेळतात, पण सही मिळवण्याच्या घाईत प्रश्न गळतात आणि बोट दाखवून काम भागवले जाते.

मातृभाषेबद्दल म्हणाल, तर खेळाचे नियम तिच्यातूनच सांगा. तीन वाक्यांत समजणारी गोष्ट इंग्रजीत पटवून देण्यात दहा मिनिटे घालवली, तर खेळायला वेळ उरत नाही. उत्तरांचे कागद मात्र तासानंतर जमा करून घ्या; दुसऱ्या दिवशी नाव न सांगता एक कागद वाचून ‘हू इज इट?’ असे विचारले, की तुमच्या पुढच्या तासाचीही सुरुवात तयार असेल.