विद्यापीठाने एमओयू पाठवलाय, सही करू का?

प्रश्न : आम्ही सातआठ जणी मिळून वस्तीतल्या मुलांचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवतो. विद्यापीठाच्या एका विभागाने एकत्र काम करू म्हणून एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, पाठवलाय. पण मागे असेच विद्यार्थी आले होते, घरोघरी फॉर्म भरून घेतले आणि परत कोणी फिरकलंच नाही, साधा रिपोर्टसुद्धा दिला नाही. आमच्यातल्या निम्म्या जणी नको म्हणतायत. काय करावं?

उत्तर : ताई, नको म्हणणाऱ्या जणींचं अजिबात चुकत नाहीये. मी कॉलेजात असताना असाच सर्व्हे केलाय. एक बाई कपडे पिळता पिळता पाऊण तास माझ्या प्रश्नांची उत्तरं देत होत्या आणि शेवटी त्यांनी विचारलं, "मग आता नळाचं काय होणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. फॉर्म डिपार्टमेंटला जमा झाले, मला मार्क मिळाले, त्यांच्या हाती काहीच नाही. आजही ते मनाला लागतं.

तरी मी म्हणेन की लगेच नकार देऊ नका, आधी एवढं बघा की प्रश्न कोण ठरवतंय. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात विद्यापीठांनी 'सायन्स शॉप' सुरू केले, तिथे उलटं व्हायचं, लोकांच्या संघटना आपला प्रश्न घेऊन जायच्या, म्हणजे समजा पाण्यातल्या प्रदूषणाचा वगैरे, आणि विद्यार्थी प्राध्यापकांच्या मदतीने त्यावर संशोधन करून द्यायचे. अटी साध्याच होत्या, की संघटनेला संशोधनाचा खर्च झेपणारा नसावा, हेतू धंद्याचा नसावा आणि निघालेलं उत्तर वापरायची तिची तयारी असावी. मला ही तिसरी अट फार आवडते. तेव्हा तुम्ही सगळ्या जणी बसून तुमचा प्रश्न ठरवा, मुलं मध्येच वर्ग का सोडतात किंवा वाचनात नेमकी कुठे अडतात, आणि तो एमओयूमध्ये तुमच्याच शब्दांत घालायला सांगा.

दुसरं म्हणजे डेटा, इथे मात्र भीड ठेवू नका. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या हवासुपाई या आदिवासी लोकांनी १९९० पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना रक्ताचे नमुने दिले, त्यांची समजूत होती की हे सगळं मधुमेहासाठी चाललंय, पण पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार आणि त्यांचे पूर्वज कुठून आले अशा अभ्यासांनाही वापरले गेले. प्रकरण कोर्टात गेलं, २०१० मध्ये ७ लाख डॉलरवर तडजोड झाली आणि नमुने परत मिळाले. तुमच्याकडे रक्त कोणी मागणार नाही हे खरं, पण मुलांची नावं, घरची परिस्थिती, फोटो, हे पण त्यांचंच आहे ना! कशासाठी घेतलंय, कोण बघणार, किती दिवस ठेवणार, दुसऱ्या कामाला वापरायचं तर परत विचारणार का, हे लिहून घ्या. आणि विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात लोकांवर अन्याय होत नाही ना हे तपासणाऱ्या समितीची, मंजुरी आहे का ते बिनधास्त विचारा, लहान मुलांचा विषय असला की पालकांची संमती लागतेच.

पैशाचं पण बोला, संकोच नको. तुमच्यातली कोणी विद्यार्थ्यांना घेऊन दारोदार फिरणार, ओळखी करून देणार, ते कामच आहे, त्याचं मानधन प्रोजेक्टच्या बजेटमध्ये हवं.

अजून एक गोष्ट जी आधी लक्षातच येत नाही, ती म्हणजे सेमिस्टर. विद्यार्थ्यांच्या परीक्षा आल्या की ते गायब होतात आणि नेमक्या तेव्हाच तुमच्या मुलांच्याही परीक्षा असू शकतात, मग मुलं विचारत बसतात दादा कधी येणार. म्हणून निदान दोन वर्षं तरी एकच प्राध्यापक जबाबदार राहील आणि त्यांची बदली झाली तर पुढे कोण, हे नावानिशी लिहून घ्या. रिपोर्टचं पण तसंच, छापायला देण्याआधी तो मराठीत तुमच्यासमोर वाचून दाखवायचा आणि पालकांनाही बोलवायचं.

एवढं मान्य नसेल तर सही करू नका. त्या प्राध्यापकांना मेल टाका आणि पहिली मीटिंग त्यांच्या डिपार्टमेंटमध्ये नको, तुमच्या वर्गातच ठेवा, संध्याकाळी, मुलं बसलेली असताना. नको म्हणणाऱ्या जणींनाही बोलवा, पहिले प्रश्न त्यांनाच विचारू द्या.