‘हे म्हणतात, मी हिशेबाने खेळतो’

‘हे म्हणतात, मी जुगार खेळत नाही, हिशेबाने खेळतो. असं खेळून खरंच पैसे टिकतात का?’ आयपीएलच्या दिवसांत हा प्रश्न बायका हमखास विचारतात. या घरातला नवरा पगारदार, चौतिशीचा, क्रिकेटवर ऑनलाइन सट्टा लावणारा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वहीत नियमही लिहिलेला: बाजूला काढलेले ५०,०००, एका डावाला त्याचे दोन टक्के, म्हणजे १,०००.

नियम ऐकायला शहाणा आहे. त्याने पैसे हळू बुडतात, एवढंच. दोघांसमोर कागदावर मांडलं. तुल्यबळ संघांना बुकी दोन्हीकडे १.९० भाव देतो. हजार लावून जिंकलात तर ९०० सुटतात, हरलात तर पूर्ण हजार जातात. नुसतं बरोबरीत राहायलाही शंभरातले ५३ डाव लागायला हवेत. हंगामात ७४ सामने, प्रत्येकी दोन डाव धरा: निम्मे लागले तरी ७,४०० गेले.

‘पण टिप लागतात की!’ लागतातच. टिपवाला १,०२४ जणांपैकी अर्ध्यांना एक संघ सांगतो, अर्ध्यांना दुसरा. चुकलेल्यांना सोडून उरलेल्यांची पुन्हा तशीच वाटणी. पाच सामन्यांनंतर ३२ जणांना तो देव वाटतो, आणि ‘पेड ग्रुप’चे पैसे तेच भरतात.

वहीपेक्षा बँकेचं स्टेटमेंट खरं बोलतं. एका रात्री तासाभरात १,०००, २,०००, ४,०००, ८,०००, १६,०००. पाच हारींत ३१,००० साफ. याला ते ‘रिकव्हरी’ म्हणतात. दोन टक्क्यांचा नियम दुसऱ्याच डावाला मोडला होता. हरलेल्या माणसाच्या हातात तो टिकत नाही. शिवाय पैसे घेणारी नावं दर वेळी वेगळी. ही भाड्याची खाती, म्हणजे दुसऱ्यांच्या नावावरची, पैसे देऊन वापरायला घेतलेली. त्यांतलं एखादं फसवणुकीच्या तक्रारीत सापडलं, तर आपलं पगाराचं खातंही गोठू शकतं. २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंदच केलेत, त्यामुळे अडकलेली रक्कम मागायची तरी कुणाकडे?

आधी सहा महिन्यांचं स्टेटमेंट छापून घेतलं. गेलेले पैसे लाल पेनाने, आलेले हिरव्याने. हिरवं शोधावं लागलं. मग पगार जमा होताच घरखर्चाची रक्कम त्याच्या बायकोच्या, म्हणजे ताईंच्या खात्यात, त्याच्या यूपीआयची रोजची मर्यादा बँकेच्या अ‍ॅपमधून खाली, टेलिग्रामचे ग्रुप आणि सट्ट्याचे आयडी दोघांसमोर बंद. लोन अ‍ॅपसकट सगळ्या देण्यांची यादी झाली. सासरे एफडी मोडून सगळं एकदम फेडायला निघाले होते, त्यांना थांबवलं. असं फेडलं की डोक्यावरचा भार उतरतो आणि पुढच्या हंगामात तोच माणूस नव्याने उधार काढतो. मदत करायचीच तर ज्याचं देणं आहे थेट त्याला, हप्त्याने. त्याच्या हातात रोख नको.

वसुलीचा फोन आला की तो गप्प होऊन गच्चीवर जायचा, हे ताईंनी जाता जाता सांगितलं. अशा वेळी ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नये, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.