शिकस्त घरं, बंद वाडे आणि 'केस चालू आहे' : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

पावसाळा तोंडावर आला की नागपुरातल्या शिकस्त, म्हणजे पडायला आलेल्या घरांबद्दल तेच ते प्रश्न येऊन राहिले, म्हणून या वेळी सगळे एकत्र घेतो. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, वकील नाही. कायद्याचं जे आमच्या कामात रोज लागतं तेवढंच सांगतो, पुढचं वकिलाला विचारा.

प्रश्न : आमची गांधीबागेतली बिल्डिंग ३२ वर्षांची आहे. व्हॉट्सॲपवर आलं की ३० वर्षांवरच्या सगळ्या बिल्डिंगा मनपा पाडणार. खरं का?

नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षं झालेल्या इमारतीची तपासणी मनपाकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्यायची असते. तेवढं करून घ्या आणि तो मेसेज पुढे पाठवू नका.

प्रश्न : महालात आमचा जुना माती-विटांचा वाडा आहे. एकानं फोटो पाठवा म्हटलं, दोन दिवसांत ऑडिट सर्टिफिकेट (घर मजबूत असल्याचा दाखला) देतो म्हणे. दुसरा येऊन भिंतीवर हॅमर मारून आकडे लिहून गेला. कोणाचं धरायचं?

दोघांचंही नाही. फोटोवरून सर्टिफिकेट देणारा सही विकून राहिला, त्याच्याबद्दल यापेक्षा जास्त काय बोलायचं. दुसऱ्यानं जे मशीन वापरलं ते रिबाउंड हॅमर, ते काँक्रीटसाठी असतं, माती-चुन्याच्या भिंतीवर त्याचा आकडा काहीच सांगत नाही, पण रिपोर्ट जाडजूड दिसतो आणि बिल वाढतं. वाड्यात बघायचं असतं ते सागवानी तुळईचं भिंतीत घुसलेलं टोक, तिथं उधळी (वाळवी) लागली का, लाकूड टोचून पोकळ लागतं का, ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडून भिंत किती बाहेर आली, कवेलूखालून (कौलाखालून) पाणी कुठं मुरतं. जुन्या बांधकामाचं काम केलेला इंजिनिअर शोधा, तो मनपाच्या यादीत आहे का ते मनपाच्या झोन कार्यालयात विचारा, आणि तो स्वतः आत आला, माळ्यावर चढला, तरच पैसे द्या.

प्रश्न : इतवारीत आमच्या घराला लागून वाडा आहे, बरीच वर्षं कुलूप. वारस पुण्यात आणि बाहेरदेशी. आमच्या बाजूची भिंत फुगली, वर पिंपळ उगवला. वारसांना फोन केला तर म्हणतात केस चालू आहे, आम्ही हात लावू शकत नाही. झोनमध्ये तोंडी सांगून आलो, काही झालं नाही.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त भीती मला याचीच वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

बंद घर राहत्या घरापेक्षा लवकर पडतं. राहत्या घरात एक कवेलू सरकलं की त्याच आठवड्यात कोणीतरी शिडी लावतं, बंद घरात ते सरकलेलंच राहतं. पाणी भिंतीच्या डोक्यातून आत शिरतं, मधली माती धुऊन नेतं, बाहेरच्या विटा तशाच उभ्या दिसतात पण आत पोकळ, मग भिंतीचं पोट सुटतं. तुम्ही जी फुगलेली भिंत म्हणता ती हीच. पिंपळाची मुळं सांध्यात शिरून ते आणखी उघडतात, आणि झाड नुसतं वरून छाटलं तर पुन्हा फुटतं. अशी भिंत पावसातच नाही तर पाऊस उघडल्यावरही, ओली आणि जड झालेली असताना बसू शकते, म्हणून 'कालचा पाऊस तर झेलला' यात काही दिलासा नाही.

आता 'केस चालू आहे'. वाटणीचा दावा हिस्सा कोणाचा हे ठरवण्यासाठी असतो, भिंतीला टेकू द्यायला तो अडवत नाही. कोर्टानं जैसे थे म्हटलं असेल तर त्याच कोर्टात अर्ज करून दुरुस्तीची परवानगी मागता येते, कोर्ट कमिशनर नेमून पाहणी करून घेता येते, रिसीव्हर (मालमत्ता सांभाळायला कोर्टानं नेमलेला माणूस) मागता येतो. वारस हे करत नाहीत कारण एकानं खर्च केला तर बाकीचे देतील का ही शंका, आणि घर पाडलं की आपला हिस्सा जाईल ही भीती. घर पडलं तरी जागेतला हिस्सा राहतो, आखीव पत्रिकेवरचं (शहरातल्या जागेच्या सरकारी नोंदीवरचं) नाव भिंतीबरोबर पडत नाही. पण भिंत कोणाच्या अंगावर पडली तर निष्काळजीपणाचा गुन्हा मालकांवर होऊ शकतो, मग ते कुठंही राहत असोत.

तुम्ही काय करायचं? तोंडी सांगणं बंद करा. झोन कार्यालयात लेखी अर्ज द्या, फोटो जोडा, आवक नंबर घ्या. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली आयुक्त मालकाला पाडा, आधार द्या किंवा दुरुस्त करा अशी नोटीस देऊ शकतात, मालकानं नाही केलं तर मनपा स्वतः करून खर्च त्याच्याकडून वसूल करू शकते. तरी हललं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जाता येतं, त्यात पडायला आलेली इमारत स्पष्ट लिहिलेली आहे, अर्ज मात्र वकिलाकडूनच करून घ्या. आणि तुमच्या बाजूनं भिंतीला भेग असेल तर तिच्यावर काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवून तारीख लिहून ठेवा, पट्टी तडकली तर भिंत हलून राहिली, त्या दिवशी त्या खोलीतून बाहेर पडा आणि इंजिनिअर बोलवा. भिंत सामाईक असेल तर त्यांचा वाडा पाडतानाही आधी तुमच्या बाजूला टेकू लागतात, जेसीबीवाल्याच्या भरवशावर सोडू नका.

प्रश्न : सीताबर्डीत ४० वर्षांपासून भाडेकरू आहोत. मालक म्हणतात सी-१ नोटीस आली, महिनाभरात निघा, भाडेकरूचा हक्क संपला.

आधी नोटीस हातात मागा. नगरविकास विभागाच्या नोव्हेंबर २०१५ च्या परिपत्रकात धोकादायक इमारतींचे चार वर्ग आहेत : सी-१ म्हणजे अतिधोकादायक, लगेच रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-२बी ला सी-१ म्हणून सांगणारे मालक आहेत, म्हणून झोनमध्ये जाऊन खात्री करा. खरंच सी-१ असेल तर हक्कासाठी आत बसून राहू नका. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये म्हटलं आहे. निघण्याआधी तुमच्या ताब्यातल्या जागेचं मोजमाप लेखी करून घ्या, भाडेपावत्या आणि लाईटबिलं जपा, कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही देऊ नका, आणि वकील आधी गाठा, सामान हलवल्यावर नाही.

प्रश्न : मालक कवेलू बदलत नाही, आम्हीच बदललं तर?

भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे लेखी नोटीस द्या, १५ दिवस थांबा, मग खर्च भाड्यातून वळता करता येतो, पण वर्षाला भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. भाडं जुनं असेल तर त्यात कवेलूसुद्धा येत नाही, तेव्हा आधी समजुतीनं बोलून बघा.

प्रश्न : घर बंदच आहे तर टॅक्स कशाला भरायचा?

भरावाच लागतो. थकला की महिन्याला २ टक्के शास्ती (दंड) चढते. घर रिकामं असल्याची सूट मागायची असेल तर लेखी कळवावं लागतं, झोनच्या कर विभागात विचारा.

प्रश्न : शेजारच्या बंद घरात उघडी टाकी आणि जुना कूलर आहे, डासांचं काय?

मनपाच्या आरोग्य विभागाला कळवा. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो.

प्रश्न : मारबतीच्या (पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या) दिवशी आमच्या जुन्या सज्जावर पाहुणे उभे राहतात, दरवर्षी राहतात, चालेल ना?

चालणार नाही. लाकडी सज्जाचं वजन भिंतीत गेलेल्या टोकांवर असतं, ती टोकं वरून दिसत नाहीत, आणि मारबत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणजे ऐन पावसाळ्यात निघते, लाकूड ओलंच असतं. सज्जाखाली रस्त्यावरही गर्दी असते. या वर्षी इंजिनिअरनं टोकं उघडून बघेपर्यंत सज्जाचं दार बंद ठेवा, पाहुण्यांना खाली ओट्यावर बसवा, आणि तो ओटा सज्जाच्या बरोबर खाली असेल तर तिथंही नको.