फुकुओकाला जाताय, तर कच्च्या बांगड्याबद्दल

एप्रिलमध्ये सहकुटुंब जपानमधल्या फुकुओकाला जाताय आणि कच्च्या माशातून जंत होतात हे खरं का, सुशी बंदच ठेवायची का, असं विचारलंय. जंत होतात हे खरं. सुशी बंद करायची गरज नाही. धोका कुठल्या माशात आहे तेवढं ओळखा.

मुख्य त्रास अनिसाकिसचा. दोन-तीन सेंटिमीटर लांब, पांढऱ्या दोऱ्यासारखी अळी, बहुतेक वेळा घड्याळाच्या स्प्रिंगसारखी वेटोळं करून बसलेली. साबा (आपल्या बांगड्याचाच भाऊबंद), आजी (हॉर्स मॅकरल), सान्मा (पॅसिफिक सॉरी मासा), कात्सुओ (स्किपजॅक ट्यूना) आणि माकूळ यांत ती जास्त सापडते. मासा जिवंत असताना बहुतेक अळ्या पोटातल्या आतड्याभोवती असतात. मासा मेल्यावर त्यातल्या काही मांसात शिरतात. म्हणून अख्खा मासा आणलात तर घरी पोचताच पोट साफ करा, संध्याकाळवर टाकू नका. पोटाकडचं मांस उजेडात धरून नीट बघा.

आपल्याकडचे बरेच जण इथेच फसतात: लिंबू, व्हिनेगर, मीठ, सोया सॉस, वासाबी, यातल्या कशानेही ती मरत नाही. त्यामुळे शिमेसाबा, म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेला साबा, आधी गोठवलेला नसेल तर कच्चाच समजा. फुकुओकात गोमासाबा, तीळ आणि सोया सॉस लावलेला कच्चा साबा, आवडीने खातात. त्या बाजूच्या समुद्रातल्या अळीची जात मांसात कमी शिरते, हे त्यामागचं एक कारण. कमी म्हणजे शून्य नव्हे. लहान मुलांना तो देऊ नका.

अळी मरते ती दोनच गोष्टींनी. उष्णता: माशाच्या आतपर्यंत 60 अंशाला एक मिनिट, किंवा 70 अंश. तव्यावर नीट तळलेल्या तुकडीत प्रश्नच नाही. किंवा थंडी: जपानी आरोग्य खात्याच्या सूचनेप्रमाणे उणे 20 अंशाला 24 तास. घरचा फ्रीजर साधारण उणे 18चा, त्यात दार सारखं उघडतं, आणि जाड माशाचा गाभा गोठायला वेळ लागतो. अमेरिकेचा नियम तर उणे 20ला सात दिवसांचा आहे. म्हणून घरी गोठवून कच्चं खायच्या भानगडीत पडू नका.

सुपरमार्केटात पाकिटावरचा शब्द वाचायला शिका. ‘काइतो’ म्हणजे गोठवून वितळवलेला, साशिमीसाठी, म्हणजे कच्च्या माशाच्या कापांसाठी, हाच घ्या. ‘कानेत्सुयो’ म्हणजे शिजवूनच खायचा, कितीही ताजा दिसला तरी. उणे 60ला गोठवून आलेला ट्यूना आणि खाद्याच्या गोळ्यांवर वाढवलेला नॉर्वेचा सॅमन निर्धास्त खा. नदीत चढणारा जंगली सॅमन किंवा मासू (सॅमनच्याच कुळातला मासा) मात्र कच्चा नको. त्यातून काही मीटर लांबीचा पट्टकृमी होतो, तो प्राझिक्वांटेल या औषधाने जातो. वसंतात बाजारात येणारी होतारुइका, चिमुकली माकुळं, उकळत्या पाण्यात निदान 30 सेकंद ठेवूनच खा, कारण आतड्यासकट खातात.

आता अनिसाकिसची अळी पोटात गेलीच तर. साधारण काही तासांत, बहुधा त्याच रात्री, बेंबीच्या वर असह्य कळ येते, मळमळ, उलटी. आतड्यात गेली तर दुखणं उशिरा, कधी काही दिवसांनी आणि खालच्या बाजूला. भारतातून नेलेली जंताची गोळी यावर भरवशाची नाही. अ‍ॅसिडिटी समजून अँटासिड घेत रात्र काढू नका. जपानात डॉक्टर इकामेरा, म्हणजे तोंडातून जाणारी दुर्बीण, घालून चिमट्याने अळी उपटून काढतात आणि कळ बहुधा लगेच उतरते. अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला तर ती अ‍ॅलर्जी, थेट 119, म्हणजे तिथल्या रुग्णवाहिकेचा नंबर, लावा. ती मेलेल्या अळीनेही येऊ शकते, तेव्हा एकदा आली की शिजवलेला साबाही डॉक्टरांना विचारूनच.

दवाखान्यात काय खाल्लं आणि किती वाजता, हे आधी सांगा. नाहीतर तपासण्या भलत्याच दिशेला जातात. जपानी येत नसेल तर एवढं वाक्य पाठ करा: ‘साबा ओ नामा दे ताबेमाशिता’, साबा कच्चा खाल्ला.